अमेरिकेतली जहरी राजकीय भाषा: दोष कुणाचा, आणि घरच्या ग्रुपवर काय करायचं?

प्रश्न ओहायोत राहणाऱ्या एका ताईंचा आहे. अलीकडेच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि त्यांनी पहिल्यांदा मतदान केलं. त्यांचे दीर पक्के रिपब्लिकन, त्या स्वतः डेमोक्रॅट पक्षाकडे झुकलेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांचे समर्थक, उजव्या विचारांचे प्रचारक चार्ली कर्क यांची हत्या झाली, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुतणीने "बरं झालं" असं लिहिलं. दिरांनी ग्रुप सोडला, दिवाळीलाही आले नाहीत. ताई विचारतात: दोन्ही पक्ष सारखेच दोषी आहेत का? हे पूर्वीपासून असंच होतं का? आणि मी आता काय करू?

मी मिनेसोटात राहते. तेवीस वर्षं मध्यस्थीचं काम करते. सुरुवात घटस्फोट आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भांडणांपासून झाली. २०१७ पासून रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांना एका खोलीत समोरासमोर बसवते. उत्तर लांबेल, पण गाभा आधी सांगते. राजकारणातला जळता शब्द समोरच्या पक्षाला उद्देशून असतो असं आपल्याला वाटतं. तो बहुतेक वेळा आपल्याच लोकांसाठी असतो. त्याची शाबासकी आपलेच लोक देतात, पैसाही आपलेच लोक देतात. त्यामुळे लगामही आपल्याच लोकांना घालता येतो. समोरच्याने कितीही ओरडून सांगितलं तरी फरक पडत नाही.

आधी "पूर्वीपासून" बद्दल. २२ मे १८५६ ला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ गृहाच्या, सभागृहातच एका सदस्याला काठीने मारहाण झाली. मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर गुलामगिरीच्या विरोधात दोन दिवस बोलले होते. बोलता बोलता साउथ कॅरोलायनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांच्याबद्दल त्यांनी म्हटलं, की या गृहस्थांनी गुलामगिरी नावाची रखेल ठेवली आहे. बटलर त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांचे नातलग प्रेस्टन ब्रुक्स हे प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे कनिष्ठ गृहाचे, सदस्य होते. ते दोन दिवसांनी सिनेटमध्ये आले आणि जागेवर बसून लिहीत असलेल्या समनर यांच्या डोक्यावर काठीचे तडाखे घालत राहिले. समनर यांचं मेज जमिनीला पक्कं ठोकलेलं होतं. पाय अडकलेले, उठता येईना. शेवटी ते मेज उपटूनच ते उभे राहिले आणि कोसळले. काठीचे तुकडे झाले. समनर नीट कामावर यायला जवळपास तीन वर्षं गेली.

मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रुक्स यांना ३०० डॉलर दंड झाला. प्रतिनिधिगृहातून त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला, पण त्याला लागणारं दोन तृतीयांश मत मिळालं नाही. त्यांनी स्वतः राजीनामा दिला आणि त्यांच्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवलं. गुलामगिरी असलेल्या दक्षिणेतल्या राज्यांतून त्यांना भेट म्हणून नव्या काठ्या आल्या, काहींवर "आणखी मार" अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. पाच वर्षांत यादवी युद्ध पेटलं. ते पेटण्याचं कारण गुलामगिरी होतं, भाषणं नव्हेत. पण काठ्या भेट देणाऱ्या लोकांनी आपल्या माणसाला काय सांगितलं ते बघा. म्हणजे आजचा काळ सर्वांत वाईट, असं मी म्हणणार नाही.

बदललं काय, तर भांडण कुठवर झिरपतं ते. १९६० मध्ये अमेरिकन लोकांना विचारलं गेलं की तुमच्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न दुसऱ्या पक्षाच्या घरात झालं तर चालेल का. नाखूश होऊ म्हणणारे ५ टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तेव्हा रिपब्लिकनांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोक नाखूश निघाले. सोयरीक जुळवताना काय काय बघितलं जातं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पक्ष त्या यादीत जाऊन बसला, की तो मत राहत नाही, ओळख होतो. ओळखीवर बोट ठेवलं की माणूस वाद घालत नाही, अंगावर येतो.

हे घडायला बरीच कारणं आहेत आणि सगळी इथे मांडत नाही. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकले आणि दोन्ही पक्ष आतून एकजिनसी होत गेले. १९८७ मध्ये फेअरनेस डॉक्ट्रिन रद्द झालं. रेडिओ-टीव्हीने वादाच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात असा तो नियम होता. लगेच १९८८ मध्ये कडव्या रिपब्लिकन बाजूच्या रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज (पुढे रिपब्लिकनांची आवडती) आणि एमएसएनबीसी (पुढे डेमोक्रॅटांची) या दोन्ही वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. बहुतेक मतदारसंघ आता एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे उमेदवाराला भीती असते ती आपल्याच पक्षाच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, जिथे थोडे आणि कडवे लोक मत द्यायला येतात.

एका गोष्टीपाशी मात्र थांबते, कारण तिथे भाषा अवजार म्हणून घडताना दिसते. १९७९ पासून प्रतिनिधिगृहाचं कामकाज सी-स्पॅन वाहिनीवर दिसू लागलं. दिवसाचं काम संपल्यावर सदस्यांना हव्या त्या विषयावर बोलता येतं. रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंगरिच आणि त्यांच्या साथीदारांनी ती वेळ पकडली. सभागृह रिकामं असायचं, पण कॅमेरा फक्त बोलणाऱ्यावर रोखलेला. ते डेमोक्रॅट सदस्यांवर आरोप करून उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबायचे. घरी बघणाऱ्याला वाटायचं, समोर माणसं बसली आहेत आणि त्यांच्याकडे उत्तर नाही. मे १९८४ मध्ये डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा फिरवून रिकाम्या खुर्च्या दाखवायला लावल्या. १५ मेला ते स्वतः सभापतीच्या आसनावरून खाली उतरले आणि गिंगरिच यांना म्हणाले, की रिकाम्या सभागृहात उभं राहून तुम्ही या लोकांच्या देशनिष्ठेवर शंका घेतलीत. काँग्रेसमधल्या (अमेरिकेच्या संसदेतल्या) माझ्या ३२ वर्षांत याहून हीन गोष्ट मी पाहिलेली नाही.

रिपब्लिकनांचे ट्रेंट लॉट यांनी हरकत घेतली. तिथे रीत अशी, की आक्षेपार्ह शब्द नोंदवून घेतले जातात, वाचून दाखवले जातात आणि आसनावर बसलेला सदस्य निर्णय देतो. त्या क्षणी आसनावर होते जो मोकली. डेमोक्रॅट, ओनील यांच्याच मॅसॅच्युसेट्सचे, त्यांचे मित्र. त्यांनी निर्णय दिला की सभापतींचे शब्द नियमात बसत नाहीत. मी सत्रं चालवायला नव्याने आलेल्या मुलामुलींना हा प्रसंग नेहमी सांगते. ओनील यांचा राग मला समजतो, मुद्दाही त्यांचाच बरोबर होता असं माझं मत आहे. तरी मोकली यांनी आपल्या माणसाविरुद्ध निर्णय दिला.

पुढे गिंगरिच यांच्या गोपॅक या संस्थेने १९९० मध्ये रिपब्लिकन उमेदवारांना शब्दांची यादीच पाठवली. स्वतःबद्दल बोलताना कोणते शब्द वापरायचे, विरोधकांबद्दल कोणते. विरोधकांच्या यादीत भ्रष्ट, आजारी, केविलवाणे, ढोंगी, लाजिरवाणे, देशद्रोही असे शब्द होते. १९९४ मध्ये त्या पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं. विजयाची कारणं अनेक होती, पण ही शब्दसंपदा चालते असा धडा सगळ्यांनीच घेतला.

आता पैशाबद्दल, कारण ते आपल्या फोनवर रोज येऊन पडतं. ९ सप्टेंबर २००९ ला अध्यक्ष ओबामा दोन्ही सभागृहांपुढे आरोग्य विम्यावर बोलत होते. साउथ कॅरोलायनाचे रिपब्लिकन सदस्य जो विल्सन मध्येच ओरडले, "तुम्ही खोटं बोलताय!" त्याच रात्री त्यांनी माफी मागितली. पुढच्या आठवड्यात प्रतिनिधिगृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली. दरम्यान काही दिवसांतच त्यांच्याकडे दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या आल्या. आणि त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या डेमोक्रॅट उमेदवाराकडेही दहा लाखांच्या घरात रक्कम जमली. दोन शब्दांनी दोन्ही पक्षांच्या पेट्या भरल्या. आज डेमोक्रॅटांची ॲक्टब्लू आणि रिपब्लिकनांची विनरेड या दोन ऑनलाइन यंत्रणांमुळे देणगी एका बोटाच्या दाबाने जाते. तुम्ही एकदा पाच डॉलर दिलेत की "आज रात्री बारापर्यंत", "ते देश संपवायला निघालेत" असे संदेश सुरू होतात. त्या भाषेत तुमच्या दिरांबद्दल काहीतरी लिहिलेलं असतं. त्यांच्या फोनवरच्या संदेशात तुमच्याबद्दल. संदेश पाठवणाऱ्याने तुम्हा दोघांना कधी पाहिलेलंही नसतं.

म्हणून आपल्या डोक्यातला "दुसरा पक्ष" खऱ्या माणसांपासून किती लांब गेलाय ते बघा. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना विचारलं, रिपब्लिकनांपैकी किती जण वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात? सरासरी उत्तर आलं ३८ टक्के. खरा आकडा २. डेमोक्रॅटांपैकी समलिंगी वगैरे किती? उत्तर ३२ टक्के, खरा आकडा ६.

आता तुमचा अवघड प्रश्न, दोन्ही पक्ष सारखेच का. "दोघंही तसलेच" हे उत्तर मी देत नाही, कारण ते आळशी आहे. मी तीन गोष्टी बघते: बोलणारा कोणत्या पदावर आहे, शब्द कृतीवर आहे की माणसांच्या असण्यावर, आणि नंतर तो मागे घेतला का.

सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन म्हणाल्या की ट्रम्प यांचे निम्मे समर्थक "निंदनीय लोकांच्या टोपलीत" घालता येतील. हा शब्द माणसांच्या असण्यावर होता आणि तो मतदारांवर होता, नेत्यावर नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी "निम्मे" म्हटल्याबद्दल खेद व्यक्त केला. फक्त प्रमाणाबद्दल. माझ्या सत्रांत अजूनही लोक तो शब्द छातीवर बिल्ला लावावा तसा मिरवतात. मार्च २०२० मध्ये सिनेटमधले डेमोक्रॅट नेते चक शूमर सर्वोच्च न्यायालयासमोर उभे राहून दोन न्यायमूर्तींची नावं घेत म्हणाले की तुम्हाला किंमत मोजावी लागेल. दुसऱ्या दिवशी सिनेटमध्ये त्यांनी मान्य केलं की असे शब्द वापरायला नको होते. जुलै २०२४ मध्ये बायडेन देणगीदारांशी बोलताना ट्रम्प यांना "निशाण्याच्या केंद्रस्थानी" आणायचं असं म्हणाले. पाच दिवसांनी पेनसिल्व्हेनियात बटलर इथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, सभेला आलेला एक माणूस मेला. तो शब्द वापरणं चूक होती, असं बायडेन यांनी मुलाखतीत सांगितलं.

ट्रम्प यांनी पत्रकारांना "जनतेचे शत्रू" म्हटलं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये, अध्यक्ष असताना. ११ नोव्हेंबर २०२३ ला न्यू हॅम्पशरमधल्या सभेत विरोधकांना त्यांनी घाणेरड्या किड्या-उंदरांसारखे म्हटलं. चार्ली कर्क यांच्या शोकसभेत, जिथे कर्क यांच्या पत्नीने मारेकऱ्याला क्षमा केली, तिथेच ट्रम्प म्हणाले की मी माझ्या विरोधकांचा द्वेष करतो आणि त्यांचं भलं व्हावं असं मला वाटत नाही. हे जीभ घसरणं नाही, ही पद्धत आहे. ती देशातल्या सर्वांत उंच जागेवरून वापरली जाते आणि मागे घेतली जात नाही. माझ्या मते तराजू इथे एका बाजूला झुकतो, आणि मी हे रिपब्लिकन मित्रांसमोरही बोलते. ते ऐकून घेतात, कारण पुतणीने लिहिलं तशा वाक्यांबद्दल मी डेमोक्रॅट मित्रांसमोरही तितकंच स्पष्ट बोलते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन बातम्या लागोपाठ आल्या. व्हर्जिनियात ॲटर्नी जनरलपदाचे (राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याच्या पदाचे) डेमोक्रॅट उमेदवार जे जोन्स यांचे २०२२ मधले खासगी संदेश उघड झाले. त्यात त्यांनी एका रिपब्लिकन नेत्याला गोळ्या घालण्याबद्दल लिहिलं होतं. आणि तरुण रिपब्लिकन पदाधिकाऱ्यांच्या एका ग्रुपवरचे वर्णद्वेषी, हिटलरचं कौतुक करणारे संदेश बाहेर आले. पहिल्या प्रकरणात डेमोक्रॅट नेत्यांनी निषेध केला, पण उमेदवारी काढून घेतली नाही. जोन्स यांनी माफी मागितली आणि ते निवडून आले. दुसऱ्या प्रकरणात काही रिपब्लिकनांनी कडक शब्दांत झापलं. पण उपाध्यक्ष व्हान्स यांनी पोरं मूर्खपणा करतात असं म्हणत जोन्स यांच्याकडे बोट दाखवलं. तो महिना माझ्या कामाचा सर्वांत निराश करणारा महिना होता.

कायदा का थांबवत नाही, असं भारतातून नेहमी विचारतात. आपल्याकडे दोन गटांत तेढ निर्माण करणं हा गुन्हा आहे, आता न्याय संहितेच्या १९६ कलमाखाली. अमेरिकेत तसा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालानुसार तत्काळ बेकायदा कृत्य घडवण्यासाठीच केलेलं आणि ते घडण्याची शक्यता असलेलं चिथावणीचं भाषणच शिक्षेला पात्र ठरतं. खरी धमकी हा वेगळा गुन्हा आहे, बाकीची कटुता मोकळी. मला हे योग्यच वाटतं, कारण तेढीचा कायदा सत्तेवर असलेल्याच्या हातात असतो. पण मग भार सगळा माणसांवर येतो.

शब्दाने गोळी झाडली, असं सहज म्हणू नका. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या डेमोक्रॅट सदस्य गॅबी गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला, सहा जण मेले, आणि लोकांनी लगेच रिपब्लिकन नेत्या सॅरा पेलिन यांच्या नकाशाला दोष दिला, ज्यात गिफर्ड्स यांच्या मतदारसंघावर निशाण्याची खूण होती. मारेकरी मनोरुग्ण होता, त्या नकाशाशी संबंध कधीच सिद्ध झाला नाही. हे विसरू नये. पण एकूण हवा कशी झालीय तेही विसरू नये: काँग्रेस सदस्यांना आलेल्या धमक्या आणि चिंताजनक संदेशांची कॅपिटल पोलिसांनी (संसदेच्या पोलीस दलाने) तपासलेली प्रकरणं २०१७ मध्ये ३,९३९ होती, २०२४ मध्ये ९,४७४. आणि १४ जून २०२५ ला इथे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आमच्या राज्याच्या प्रतिनिधिगृहाच्या माजी सभापती, डेमोक्रॅट मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती राहत्या घरात मारले गेले. पोलिसासारखा वेश केलेल्या माणसाने पहाटे दार वाजवलं. त्या आठवड्यात माझं एक सत्र ठरलेलं होतं. रद्द करावं का, असा विचार चालला होता. रिपब्लिकन बाजूच्या एका गृहस्थांनीच फोन करून सांगितलं, रद्द करू नका.

त्या सत्रातला एक भाग सांगते. दोन्ही गटांना वेगळ्या खोल्यांत मोठे कागद देतो. पहिल्या रकान्यात लिहायचं, दुसरे लोक आपल्याबद्दल काय समजतात. दुसऱ्यात, खरं काय आहे. तिसऱ्यात, त्यांच्या समजुतीत तथ्याचा कण कुठे आहे. ही पद्धत डिसेंबर २०१६ मध्ये ओहायोतल्या साउथ लेबनन गावी सुरू झालेल्या ब्रेव्हर एंजल्स या चळवळीतून आली, एका कौटुंबिक समुपदेशकाने बांधलेली. पहिले दोन रकाने भराभर भरतात. "आम्हाला वंशद्वेष्टे समजतात", "आम्हाला देशावर प्रेम नाही असं समजतात". तिसऱ्या रकान्यापाशी खोली गप्प होते. त्या संध्याकाळी एका निवृत्त मेकॅनिकने बराच वेळ मार्कर हातात धरून ठेवला. मग लिहिलं, "आमच्यातले काही जण खरंच तसं बोलतात आणि मी तिथे बसलेला असतो." दुसऱ्या खोलीत एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "चर्चला जाणाऱ्यांना आम्ही हसतो. स्टाफरूममध्ये. रोज." हे कागद समोरासमोर टांगले तेव्हा कुणी कुणाला उलट बोललं नाही. मतं कुणाची बदलली नाहीत. पण निघताना लोक पार्किंगमध्ये अर्धा तास बोलत उभे होते.

आपल्या बाजूला थांबवण्याची किंमत मोजावी लागते, हे मी लपवत नाही. १० ऑक्टोबर २००८ ला इथल्याच लेकव्हिलमध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार, ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांची सभा होती. एका बाई म्हणाल्या, मला ओबामांचा भरवसा वाटत नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत माइक परत घेतला. "नाही, बाई. ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, नागरिक आहेत, त्यांच्याशी माझे मूलभूत मुद्द्यांवर मतभेद आहेत." अरब असणं म्हणजे सभ्य नसणं आहे का, हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्तच आहे. पण त्याच सभेत, ओबामांना घाबरायचं कारण नाही असं मॅकेन म्हणाले, तेव्हा त्यांचेच लोक त्यांच्यावर हुर्यो करत होते. ते निवडणूक हरले.

आता तुमचं घर, ताई. तुम्ही लिहिलंत की पुतणीने तसं लिहिल्यावर तुम्ही गप्प राहिलात, कारण "मत तिच्याच बाजूचं होतं". दीर गेले ते पुतणीच्या वाक्यामुळे असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं ते त्यानंतरच्या शांततेमुळे गेले. ग्रुपवर बारा माणसं होती आणि कुणी काहीच म्हटलं नाही.

पुतणीशी आधी बोला, एकटीशी. तिला पक्ष बदलायला सांगू नका, कर्क यांची मतं पटवून घ्यायलाही सांगू नका. एका माणसाच्या मरणावर "बरं झालं" आपल्या घरात चालत नाही, एवढंच. तिचा राग खरा असेल. तो कर्क काय बोलायचे त्यावर काढू दे, हवा तितका.

मग दिरांना फोन करा. ग्रुपवर लिहू नका, मेसेज नको, फोनच. "भाऊजी, तिने तसं लिहिलं तेव्हा मी गप्प बसले. मी बोलायला हवं होतं." इथे थांबा. "पण तुमचे ट्रम्पसुद्धा" हे त्या फोनमध्ये येऊ देऊ नका. तो विषय खरा आहे, तो दुसऱ्या दिवशी काढा. भाऊजी लगेच काही बोलणार नाहीत. पंधरा-वीस सेकंद नुसता श्वास ऐकू येईल, आणि तुम्हाला फार वाटेल की काहीतरी बोलून ती जागा भरावी. भरू नका. त्यांना बोलू दे.